झोपेतल्या भेटी

प्रिय गाडीकाका,

हे नाव माझ्या मुलीने तुला ठेवलं, म्हणून वापरतोय. माझ्याकडे तुझ्यासाठी नावांचा तुटवडा कधीच नव्हता, पण ती कागदावर लिहिण्यासारखी नाहीत. 'प्रिय' लिहिताना हात आखडला, तरी लिहिलं, कारण पत्राची सुरुवात शिवीने करू नये एवढं मला घरून शिकवलेलं आहे. मात्र तुला अहो-जाहो करणार नाही. भर दुपारी माझ्या मुलीला खांद्यावर टाकून तू यायचास आणि मी मागणाऱ्यासारखे हात पुढे करून दारात उभा असायचो, तेव्हापासून मनातल्या मनात मी तुला अरे-तुरेच करत आलोय. आता एक ऐक. हे पत्र मधेच फाडून टाकावंसं तुला वाटेल. वाटू दे, पहिली पानं त्यासाठीच लिहितोय. पण फाडू नकोस. शेवटपर्यंत वाचलं नाहीस तर नुकसान तुझं होईल, आणि तुझ्यापेक्षा तुझ्या टिल्लूचं.

तुझ्या कानावर आलं ते खरं आहे. तुझ्याविरुद्धच्या साक्षीदारांत माझं नाव आहे. जी आधी माझी बायको होती आणि मग तुझी झाली, तिने आता तुलाही घराबाहेर काढलं आणि तुम्हा दोघांच्या चार वर्षांच्या मुलाला, टिल्लूला, आठवड्यातून एकदा तरी भेटू द्या म्हणून तू कोर्टाची पायरी चढलास, ही बातमी मला तिच्या वकिलाकडूनच कळली. वकीलसाहेब स्वतः दुकानात आले होते. आधी फ्रेमा बघायचं नाटक केलं. दोन-तीन नाकावर चढवून आरशात मान वाकडी करून पाहिली, मग काउंटरवर कोपर टेकून मुद्द्यावर आले. म्हणाले, तुमच्यावर केवढा अन्याय झाला याची आम्हाला कल्पना आहे. मला हसू आवरेना. त्यांच्याच अशिलाने केलेल्या अन्यायाची त्यांना कल्पना नसेल तर कोणाला असणार? पण त्यांचं म्हणणं असं, की ती बिचारी कशातच नव्हती, जे केलं ते सगळं तू केलंस. बापाला लेक भेटूनही भेटू नये म्हणून तू माझ्या मुलीला मुद्दाम झोपवून आणायचास. असा माणूस लहान मुलाच्या आसपास फिरकायच्या लायकीचा नाही, एवढं मी न्यायाधीशांसमोर सांगायचं. मी क्षणभरही विचार केला नाही. हातातली फ्रेम खाली ठेवली आणि हो म्हणालो.

त्या दिवशी मी केवढा खूश होतो, ते तुला कळायला हवं. दुकानाच्या मागच्या खोलीत मी काचा घासायला बसतो. फ्रेमच्या मापाने काचेची कड घासायची, मधे मधे पाणी सोडायचं, बोट फिरवून बघायचं. एरवी त्या मशीनच्या आवाजाने माझं डोकं उठतं. त्या दिवशी मी चक्क शीळ घालत होतो. मालक आत डोकावून म्हणाले, काय हो, सासरे इस्टेट ठेवून गेले की काय? मी म्हटलं, त्याहून मोठं घबाड लागलंय. अकरा वर्षं मी दातओठ खात या दिवसाची वाट पाहिली होती. तू कोर्टातल्या त्या भेटीच्या खोलीत बसलेला मला दिसायला लागलास. पाय दुमडून, त्या बुटक्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, दाराकडे डोळे लावून. आणि दार उघडतच नाही. हे चित्र मी दिवसभर पुन्हा पुन्हा काढलं आणि दर वेळी त्यात एखादी नवीन गोष्ट घातली. एकदा तर तुझ्या हातात फुगा दिला.

ती खोली तू कधी आतून पाहिली नसशील, म्हणून सांगतो. तुझं काम दारापर्यंतच असायचं. कोर्टाच्या मागच्या अंगाला जिन्याशेजारी ती खोली होती. भिंतीवर एक जिराफ रंगवलेला, त्याचं तोंड ओलीने फुगलेलं. एका खोक्यात खेळणी, म्हणजे चाक नसलेला ट्रक, केस उपटलेली बाहुली आणि अर्धे तुकडे हरवलेलं कोडं. कोपऱ्यात देखरेख करणाऱ्या बाई स्वेटर विणत बसायच्या. बाई वाईट नव्हत्या, पण नियम त्यांना पाठ होता आणि त्यात त्या केसभरही फरक करायच्या नाहीत. मूल आलं की त्या दारात वाकून त्यालाच विचारायच्या, बाळा, आत जायचंय का? हो म्हणालं की आत. नाही म्हणालं की आल्या पावली परत. आणि लागोपाठ तीनदा 'नाही' आलं, तर मुलाची इच्छा नाही म्हणून भेटी बंद. पहिल्याच दिवशी हे त्यांनी मला समजावून सांगितलं. चार वर्षांच्या पोरीच्या एका शब्दावर माझं बापपण टांगलेलं होतं.

पहिल्या भेटीला मी घरातली इस्त्री मोडेपर्यंत शर्टाला इस्त्री केली होती. तिच्या बाहुलीसाठी एक चष्मा बनवला होता, उरलेल्या लाल तारेचा, काचांसकट. नखाएवढ्या काचा घासताना बोटाची सालटी निघाली होती. बाहुलीला नंबर कितीचा, असं विचारून तिला हसवायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. आणि तू आलास. ती तुझ्या खांद्यावर गाढ झोपलेली, तोंड उघडं, एक सँडल पायात आणि एक तुझ्या खिशात. बाई म्हणाल्या, झोपलंय वाटतं लेकरू, द्या त्यांच्याकडे. तू तिला माझ्या हातात ठेवलंस, सँडल काढून दिलीस, आणि माझ्याकडे न बघता बाहेर बाकावर जाऊन बसलास. मी तिला घेऊन त्या बुटक्या खुर्चीवर बसून राहिलो. हात बधिर झाला तरी हललो नाही. उठवावं तर ती रडेल, रडली तर भेट तिथेच थांबेल. ती उठली तेव्हा जायची वेळ झाली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हनुवटीला हात लावला, बाबा म्हणाली. आणि बाईंनी विणकाम पिशवीत ठेवलं.

एखाद्या वेळी होतं असं, म्हणून मी सोडून दिलं. पण पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. दोन वर्षं तू माझी लेक मला झोपलेलीच आणून दिलीस. कधी शेवटचा पाव तास मिळायचा, कधी तेवढाही नाही. तिच्या झोपेत मी तिची नखं पाहिली, कानामागचा तीळ पाहिला, दात पडलेला पाहिला. तिचा आवाज ऐकायला मात्र आसुसलो. बाईंकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, मूल दिलं, तुम्ही घेतलं, म्हणजे भेट झाली, आता मी काय करू? वकिलाकडे गेलो तर तो म्हणाला, मुलाने झोपू नये असा हुकूम कोणाकडून आणू मी? भेटीची वेळ सकाळची करा म्हणून अर्ज दिला, तो शाळेच्या कारणाने फेटाळला गेला. घरी बहिणीला सांगितलं, तर ती आधी हसली आणि मग रडली. मला तर रडूही येत नव्हतं. नुसता अंगाचा तिळपापड व्हायचा. मी खिडकीतून बघायचो, तू बाकावर बसून खुशाल शेंगा सोलत असायचास. गाडी चालवायला शिकवणारा माणूस, दिवसभर शिकाऊ लोकांचे धक्के खाणारा, तो माझ्या मुलीला इतक्या अलगद आणतो कसा की तिला जागही येत नाही? विचार कर, तुझ्या चांगल्या गाडी चालवण्याचासुद्धा मला राग यायचा.

मग एकदा तू आला नाहीस. तिची आई स्वतः घेऊन आली, आणि पोरगी टक्क जागी. माझा आनंद काय सांगू तुला. वाटलं, सुटलो एकदाचा या माणसाच्या तावडीतून, आज लेक माझ्याशी बोलणार. मी खोलीतून हात हलवला, तिने मान खाली घातली. बाई वाकल्या, विचारलं. ती म्हणाली, नाही. तिच्या पाठीवर आईचा हात होता. पुढच्या वेळीही आईच आली, तेव्हाही 'नाही'. तिसऱ्या वेळी तर बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच ती नाही म्हणाली, भरभर, पाठ केलेलं म्हणून टाकावं तसं. भेटी संपल्या. कागदावर आलं की मुलीची बापाला भेटायची इच्छा दिसत नाही. मला काय वाटलं, सांगू? वाटलं, हे तुझंच काम. दोन वर्षं तिला झोपवून माझ्यापासून तोडलंस, तिच्या मनातून मला पुसून टाकलंस, आणि ऐन वेळी हात झटकून घरी बसलास. तिच्या आईवर मी चिडलो होतोच, पण तिचा राग जुना होता, अंगवळणी पडलेला. तुझा राग ताजा होता आणि तो मी जिवापाड सांभाळला.

त्यानंतरचं काय लिहू. तारखा पडत गेल्या, न्यायाधीशांच्या बदल्या होत गेल्या, वकील बदलले, तुम्ही घर बदललंत. तिच्या वाढदिवसाला पाठवलेली खोकी न उघडता परत यायची. शाळेच्या फाटकाशी एकदा जाऊन उभा राहिलो, तर पहारेकऱ्याने हटकलं. माझ्याच मुलीच्या शाळेसमोर मी संशयित इसम. दुकानात आईबाप पोरांना घेऊन यायचे, पहिला चष्मा लावून पोरं रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचायची आणि मी आत मशीन मुद्दाम जोरात लावायचो. शेवटी तिला अठरावं लागलं आणि ती आपल्या पायांनी आली. काउंटरशी एक उंच मुलगी उभी. मी विचारलं, नंबर तपासायचाय का? ती म्हणाली, नाही, मी तुमची मुलगी आहे. आता ती कॉलेजच्या वसतिगृहात राहते, इथून जवळच, आणि रविवारी माझ्याकडे येते. आम्ही सिनेमाबद्दल बोलतो, तिच्या परीक्षेबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल. जुन्या गोष्टींना आम्ही दोघंही हात लावत नव्हतो. खपली कशाला काढा, असं तिलाही वाटत असावं.

तर वकीलसाहेबांच्या ऑफिसात जाऊन मी प्रतिज्ञापत्रावर सही केली. त्यात लिहिलंय की तू मूल नेहमी झोपलेलं आणायचास, आणि ते मला भेटू नये हाच तुझा हेतू होता. साहेबांनी मधेच हळूच विचारलं, काही औषधबिवषध पाजत असेल का हो तो? मी म्हटलं, मी पाहिलं नाही. पण खोटं कशाला बोलू, त्यांनी ते विचारलं आणि माझ्या मनात ते घर करून बसलं. घरी येईपर्यंत माझी जवळपास खात्रीच पटली होती. मी वाट बघत होतो फक्त तारखेची. कोणता शर्ट घालायचा तेसुद्धा ठरलं होतं.

आणि गेल्या आठवड्यात तू दुकानात उगवलास. तुला बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, आला हातापाया पडायला, आता याला चांगलं नाक घासायला लावतो. तू चष्मा काढून पुसत उभा राहिलास. त्याची एक काडी लटकत होती. माझे हात इतके निर्लज्ज, की मी तुला काही बोलायच्या आत त्यांनी तुझा चष्मा घेतला, स्क्रू पिळला आणि परत दिला. नंतर किती तरी वेळ मी माझ्या हातांना शिव्या घालत होतो. तू म्हणालास, तुम्ही साक्षीला येणार असं कळलं. या. जे पाहिलंत ते सांगा, मी तुम्हाला अडवायला आलेलो नाही. मग जायला वळलास आणि दारातून मागे फिरून विचारलंस, ती आत उठायची का हो कधी? उठून तुमच्याकडे बघून हसायची का?  जखमेवर मीठ चोळायला इतक्या लांब आला हा माणूस, असं वाटलं. मी म्हटलं, चालता हो. तू मान हलवलीस आणि गेलास.

रविवारी मुलगी आली. चहा झाला, पावावर लोणी लावणं चाललं होतं, आणि माझ्याच्याने राहवेना. मी तिला सगळं सांगितलं, अगदी मिटक्या मारत. तुझ्या गाडीकाकाला आता कळेल म्हटलं, बंद दारासमोर बसणं काय असतं ते. तिने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आपल्या बापाचा हा अवतार बघून घाबरली. ती म्हणाली, बाबा, त्या दारात मला काय म्हणायला सांगितलेलं होतं, तुम्हाला माहीत आहे का? आई घरून निघतानाच सांगायची, बाईंनी विचारलं की नाही म्हणायचं. रोज घोकून घ्यायची. पहिल्यांदा गाडीत बसले तेव्हा मी गाडीकाकांना विचारलं, मी नाही म्हणू का? त्यांनी आधी आरसा नीट केला. मग म्हणाले, तू झोप. झोपलेल्याला कोणी विचारत नाही.

 ती सांगत गेली. औषध कसलं आणि काय कसलं. तू म्हणे गावाला वळसा घालून लांबच्या रस्त्याने गाडी न्यायचास आणि तिला शिकाऊ लोकांना शिकवतोस तेच शिकवत राहायचास. क्लच दाबा, गिअर टाका, आरशात बघा, हळूच सोडा. तुझा तो रटाळ सूर ऐकून कोणीही झोपेल, असं ती म्हणाली आणि त्यातही तिला हसू आलं. मग एके दिवशी तिनेच घरी बोलता बोलता आईला सांगून टाकलं, की काका म्हणतात झोपलं की विचारत नाहीत. सहा वर्षांची पोर, तिला काय कळतंय. त्या दिवसापासून गाडीची किल्ली तुझ्या हातातून गेली. आणि एक गोष्ट तिने अगदी शेवटी सांगितली, माझ्याकडे न बघता. तिला लहानपणी वाटायचं की झोपलं की माणूस बाबांकडे जातो. भेटी बंद झाल्यावरही ती घरी दुपारची डोळे घट्ट मिटून पडायची. उठायची तेव्हा आपल्याच खोलीत असायची. मग पुन्हा मिटायची.

मी त्या दिवशी आतल्या खोलीत जाऊन जे रडलो, ते इथे लिहीत नाही. पण मी आता तुझ्या पायांवर डोकं ठेवेन म्हणून वाट बघत असलास तर विसर. मला तुझा अजून राग येतो, आणि आता तो नवा आहे. अरे, मी दोन वर्षं तुला शिव्या घालत बसलो होतो आणि त्या वेळात माझी मुलगी माझ्या मांडीवर होती! तुझ्यामुळे होती. ते मला कळलं असतं तर मी त्या एकेका दुपारचं सोनं केलं असतं. मी तिचं झोपणं जपलं असतं, त्याच्यावर चरफडत बसलो नसतो. आतल्या आत जळण्यात मी माझा हक्काचा वेळ घालवला. तुला एकदा, दाराशी सँडल देताना, एवढंच कानात सांगता आलं नसतं? घरात भांडण होईल म्हणून गप्प बसलास, समजतो. पण नंतरची अकरा वर्षं? पोरीकडून तीनदा 'नाही' म्हणवून घेतलं तेव्हा तू कुठे तोंड लपवून बसला होतास? हा हिशेब आपण दोघं समोरासमोर बसून करू, आणि त्या दिवशी मी तुला सोडणार नाही. आणखी एक. इतकी वर्षं मी सूड घ्यायला जो माणूस जपून ठेवला होता, तोच तू माझ्याकडून काढून घेतलास. आता माझ्या वाट्याला काय उरलं, याचा मी विचार केला, आणि उरलंय बरंच. ज्या हाताने पोरीची पाठ दाबली तो हात उरलाय. सहा वर्षांच्या जिभेवर 'नाही' बसवणारी उरली आहे, आणि आता सगळं तुझ्या गळ्यात घालून टिल्लूच्या जिभेवर तोच शब्द बसवायला निघालेली. मुलगी म्हणते, आई वाईट नाही, तिला एकटं पडायची भीती वाटते, म्हणून ती सगळ्यांची दारं आधीच लावून घेते. असेल. मुलीने तिला माफ केलं असेल तर तो तिचा अधिकार. माझ्याकडून तेवढं होणार नाही.

मुलीने मला हेही सांगितलं, की ती तुझ्यासाठी कोर्टात उभी राहायला तयार होती आणि तूच तिला ओरडलास. आईविरुद्ध लेकीने बोलायचं नाही, म्हणालास, टिल्लू भेटला नाही तरी चालेल. म्हणून दुकानात येऊनही तू तोंड उघडलं नाहीस. ठीक आहे, तिला कोणी उभं करायची गरज नाही. तारखेला मी येतोय, तिच्या आईच्याच वकिलाचा साक्षीदार म्हणून, ठरलेला शर्ट घालून. त्यांना मी अजून काहीही कळवलेलं नाही. ते मला विचारतील, मूल झोपलेलं आणायचे का? मी हो म्हणेन, कारण ते खरं आहे. ते खूश होऊन खाली बसतील. पुढचं ते मला विचारणार नाहीत, आणि न विचारता बोललो तर मला गप्प करतील. म्हणून हे पत्र लिहितोय. उलटतपासणीला तुझा वकील उठेल तेव्हा त्याला सांग, लांबण लावू नकोस, या साक्षीदाराला दोनच प्रश्न विचार. पहिला, झोपलेल्या मुलाला त्या दारात आत जायचं का असं विचारायचे का? दुसरा, ज्या तीन वेळा मुलगी जागी आली आणि नाही म्हणाली, त्या तिन्ही वेळा तिला कोणी आणलं होतं? दोन्ही गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी न्यायाधीशांकडे बघून देईन. दुसऱ्याचं देताना टिल्लूच्या आईकडे बघेन.

तुझाच,
समोरच्या बाजूचा साक्षीदार